जवाईबापूंचं इंजिन

संपादकांना हवा होता पिकल्या मिशांचा, हात थरथरू लागलेला, निवृत्त मोटार-मिस्त्री. तसा वाशिमात एक आहे. पण तो दिवाळी अंकासाठी लिहायला बसायचा नाही. मला लिहायचा कंटाळा नाही, हे इथले निम्मे दुकानदार आणि पोलीस ठाण्यातले सगळेच सांगतील. कारण मोटार कामगारांची पत्रकं मी लिहितो आणि भिंतींवर ती चिकटवतोही मीच. म्हणून माझ्या काळ्या मिशांकडे दुर्लक्ष करून संपादकांनी मला बोलावलं आणि बजावलं, "अनुभव लिहा, पत्रक नको." पत्रकात जागा थोडी असते आणि राग फार असतो. इथे जागा बरीच दिली आहे. रागाचं मी बघतो.

आमचा धंदा बाहेरच्या माणसाला एका वाक्यात सांगायचा तर असा: मोटार बिघडते एका ठिकाणी आणि मालक बोट दाखवतो भलत्याच ठिकाणी. कामरगावच्या एका किराणा दुकानदाराची मोटार आली होती. ब्रेक संपलेले, हॉर्न बसलेला. म्हणाला, "हॉर्न तेवढा वाजता करून द्या."

मी म्हटलं, "शेठ, ब्रेक?"

"हॉर्न वाजला का लोकं आपसूक बाजूले होतात. मंग ब्रेक कायले पाह्यजे?"

मी हॉर्न केला नाही, ब्रेक केले. तो अजून मला बाजारात दिसला की तोंड फिरवतो. पण तोंड फिरवायला तो जिवंत आहे, आणि कामरगावची माणसंही आहेत.

आता इंजिनाचं. जुन्या लॉरीचं इंजिन थकलं की रस्ते दोनच. एक, ते खोलायचं, झिजलं असेल ते बदलायचं, तुंबलं असेल ते साफ करायचं आणि पुन्हा बसवायचं. दुसरा, ते उचलून बाजूला ठेवायचं आणि दुसरं बसवायचं. दुसरा रस्ता वाईटच असतो असं मी म्हणत नाही. ब्लॉक, म्हणजे इंजिनाचं ओतीव धड, तडकलं असेल, किंवा आतली नळकांडी घासून घासून आणखी घासण्याजोगी उरली नसतील, तर जुन्यावर हात घालणं म्हणजे मिस्त्रीनं स्वतःची मजुरी वाढवणं. तिथे मी स्वतः सांगतो, बदला. पण कोणता रस्ता धरायचा हे इंजिन खोलल्यावर ठरतं. आमच्याकडे ते ओट्यावर ठरतं, चहा पिताना, आणि मग मिस्त्रीला बोलावतात.

बापूसाहेबांच्या लॉरीचं तसंच झालं. नाव खरं नाही, आणि गावही मी किन्हीराजाकडून थोडं इकडे सरकवलं आहे. माणूस जमीनदार, अंगणात तेलाची घाणी, कोठ्यात कापूस, आणि युद्धाच्या आधी घेतलेली दीड टनी लॉरी. हंगामात ती लॉरी कापूस घेऊन वाशिमच्या सरकी काढायच्या जिनात यायची आणि परत जाताना मीठ, रॉकेल, लोखंड आणि टपावर बसतील तेवढी माणसं घेऊन जायची. ती चालवायचा संपत. पहिल्या दिवसापासून तोच. एखाद्या गाडीची सवय हातात इतकी मुरलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. खड्डा यायच्या आधी त्याचा पाय उचललेला असायचा.

युद्धात पेट्रोल कूपनावर आलं, ते एक वेळ मिळायचं. मोबिल ऑइल मात्र दिसेना. इंजिनात लोखंड लोखंडावर फिरतं, मधे तेलाचा पापुद्रा असतो म्हणून ते जगतं. तेल नसेल तर काही मैलांत खेळ खलास. संपतनं बापूसाहेबांकडे एरंडेल मागितलं. एरंडेल चालतं, बरं चालतं. पण ते विकत आणावं लागलं असतं, आणि घरच्या घाणीवर तर जवस. बापूसाहेबांनी निकाल दिला, "आपल्या घरी पिढ्यान् पिढ्या जवसाचं तेल खाऊन रायले लोकं. एक तरी मेला काय? मंग मोटार कशी मरते?"

संपतनं जवस ओतलं. उरलंसुरलं मोबिल त्यात मिसळत राहिला, जमेल तेव्हा गरम असतानाच तेल उतरवून नवीन घालत राहिला, आणि युद्ध संपलं तरी ती लॉरी धावत होती. तेल अजूनही जवसच. कारण एकदा फुकट चाललेली गोष्ट विकत घेण्याइतकं वाईट बापूसाहेबांच्या दृष्टीनं दुसरं काही नव्हतं.

ज्यांच्या घरात दारं रंगवली असतील त्यांना ठाऊक आहे की सुतार जवसाचं तेल कशासाठी वापरतो. ते वाळतं. वाळून कातडं होतं. आमच्या भागात पावसाळाभर काळ्या मातीचा रस्ता बंद. लॉरी छपरात उभी. ती तशी उभी राहिली आणि आतलं जवस निवांत वाळत राहिलं.

दसऱ्याला हंगामाची पहिली फेरी. रिवाज असा की लॉरी अंगणात ढकलत आणायची, बॉनेट उघडून इंजिनाला हळदकुंकू, नारळ, झेंडूचा हार, आणि मग सगळ्या गावासमोर हँडल मारून ती चालू करायची. इंजिनाची पूजा करणारी आणि त्याला तेल न देणारी माणसं मी इतरत्र पाहिलेली नाहीत. आरती झाली. संपतनं हँडल घातलं. हँडल हललं नाही. दोघं लागले, तिघं लागले, मग लॉरीला बैल जुंपले. चाकं फरफटली, इंजिन फिरलं नाही. भर दसऱ्याला, पाहुण्यांसमोर. बापूसाहेब इंजिनाकडे बघेनात, संपतकडे बघू लागले.

"संपत्या, इंजन मारलंस तू."

ते वाक्य दुपारपर्यंत किन्हीराजात पोचलं आणि पुढच्या बाजारी मेडशीत. "इंजिन मारणारा" हा शिक्का एकदा बसला की त्या ड्रायव्हरला या रस्त्यावर दुसरी गाडी मिळत नाही. दिवाळीनंतर संपतला कायमची रजा, असंही ठरलं. ओट्यावरच.

मला निरोप आला तो असा: "येऊन इंजन मेल्याचं सांगून जा." डॉक्टरला दाखल्यापुरतं बोलावतात, तसं. मी हत्यारं घेऊन गेलो.

लॉरीखाली आडवा झालो आणि चेंबर, म्हणजे खालचं तेलाचं पातेलं, सोडवलं. पहिला वास आला तो नव्या रंगवलेल्या दाराचा. पातेल्याच्या तळाला तपकिरी कातडं. बोटानं ओढलं तर दुधाच्या सायीसारखं एकसंध उचललं गेलं. वरचं हेड काढलं. पिष्टनच्या रिंगा खाचांत चिकटून बसलेल्या. पण नळकांडी गुळगुळीत, ब्लॉक धड. इंजिन मेलं नव्हतं. इंजिनाला वॉर्निश मारलं होतं.

संपत शेजारी उकिडवा बसला होता. त्याला मी काही सांगायची गरज नव्हती.

"रॉकेलात भिजवलं तं निंघन?" त्यानं विचारलं.

"निघेल. काही ठिकाणी सोड्यात उकळावं लागेल. रिंगा नवीन घालू."

"मंग तुमी सांगा त्याइले. माह्यं आयकत नाईत ते."

ओट्यावर बापूसाहेब होते आणि शेजारी, पाट आणि लोडासकट, त्यांचे अकोल्याचे जावई. दसऱ्याला आलेले जावई दिवाळसण उरकूनच जाणार, हा आमच्याकडचा नियम. या जवाईबापूंचा धंदा लष्करी सामानाच्या लिलावाचा. युद्ध संपलं तसे तंबू, बूट, घोंगड्या, पाण्याच्या बाटल्या यांचे ढीग विकायला निघाले, आणि जवाईबापूंना देशसेवेची ओढ लागली. त्यांच्या अंगावरचा कोटही कुठल्या तरी कप्तानाचा होता. कप्तान रुंद असावा.

मी सांगितलं, इंजिन जिवंत आहे, जवसानं जाम झालं आहे, साफ करून चालेल.

बापूसाहेब म्हणाले, "म्हंजे आमी मारलं म्हन्ता तुमी?"

"मेलंच नाही म्हणतो मी."

"आमच्या घानीच्या तेलाले नाव ठेवून रायले."

"तेल चांगलंच आहे. खायला."

जवाईबापू गालातल्या गालात हसले. "मामंजी, जुनं उकरत कायले बसता? आपल्याजवळ मिलिटरीचं इंजन हाय ना. रनगाड्याच्या मागं धावलेलं. तुमच्यासाठी म्हनून बाजूले काढून ठेवलं."

झालं. आता माझ्या इंजिनशास्त्राला काय किंमत? जावयानं काही देऊ केलं आणि सासऱ्यानं नको म्हटलं, असं त्या घरात झालेलं नव्हतं आणि माझ्यासाठी होणार नव्हतं. मी तरी सांगून पाहिलं: दुसरं इंजिन म्हणजे जू काढून दुसरा बैल जोडणं नव्हे. त्याचे पाय चासीवर, म्हणजे खालच्या सांगाड्यावर, बसायला हवेत, मागचं तोंड गिअरबॉक्सला जुळायला हवं, वजन पुढच्या स्प्रिंगच्या कमानींना पेलायला हवं. बापूसाहेब म्हणाले, "मिलिटरीचं हाय. बसते." लष्करी माल हुकूम दिला की बसतो, असा त्यांचा समज असावा.

मी चिडून वाशिमला परत आलो. एकीकडे रिंगा शोधल्या, कारण मला माझं म्हणणं करून दाखवायचं होतं. दुसरीकडे रात्रीतून नव्हे, भर दुपारी, छापखान्यात बसून पत्रक लिहिलं. मथळा: "संपतनं इंजिन मारलं नाही." घाणी, जवस, ओटा, लिलाव, कप्तानाचा कोट, काहीही वगळलं नाही. मालकाची काटकसर आणि ड्रायव्हरची बदनामी, असा त्याचा सूर. माझं सर्वांत चांगलं पत्रक, असं माझं अजून मत आहे. पातळ कागद मिळत नव्हता म्हणून छापखानेवाल्यानं वह्यांच्या पुठ्ठ्यासाठी ठेवलेल्या जाड कागदावर छापून दिलं. ते गठ्ठ्यानं घेऊन मी पुन्हा गेलो. येत्या बाजारी वाटायचं ठरवलं होतं.

मी पोचलो त्याच दिवशी बैलगाडीतून, कडब्यावर बसून, इंजिन आलं. गडद हिरवं, चकचकीत, गळ्यात हार. बापूसाहेब त्या दिवशी कोर्टाच्या तारखेला वाशिमला गेले होते. छपरात मी, संपत, जवाईबापू आणि त्यांची बायको, म्हणजे बापूसाहेबांची मुलगी सुमनताई. ती फक्त बघायला आली होती, असं तिनं सांगितलं.

पाय जुळत नव्हते, हे डोळ्यांनीच दिसत होतं. मी हातोडीनं ब्लॉकवर ठिकठिकाणी टिचक्या मारत गेलो. शाबूत ओतीव लोखंड नाद देतं. एका बाजूला नाद न येता मातीच्या घागरीसारखा आवाज आला. इंजिनाभोवती पाणी खेळायला पोकळ भिंती असतात, म्हणून मी संपतला म्हटलं, "यात पाणी घाल."

जवाईबापू म्हणाले, "पान्याची काय गरज हाय? रंग खराब होईन."

सुमनताईनं स्वतः बादली उचलून संपतच्या हातात दिली. पाणी घातलं. थोड्या वेळानं हिरव्या रंगावर एक थेंब उभा राहिला, मग त्याच्या खाली दुसरा, मग सरळ ओळ. खिळ्यानं रंग खरवडला तर आत लाखेत कालवलेला लोखंडाचा कीस. बोटभर लांबीची फट लिंपून वर रंग फासलेला.

मला किती आनंद झाला म्हणून सांगू. पत्रकाला जोडपत्रक काढायचं मी मनात ठरवूनही टाकलं.

जवाईबापू म्हणाले, "मले तं असंच देल्लं लिलावात. मले काय मालूम?" आणि मला वाटतं, ते खरंच होतं. रंगाला भुलणारे सासरेच असतात असं नाही.

सुमनताई त्या थेंबांकडे बघत होती. मग मला म्हणाली, "मिस्त्री, आमचं जुनं साफ होते म्हने?"

"होतं."

"मंग करा. अन् त्याले हा हिरवा रंग मारा. अन् याले काळा."

मी म्हटलं, "आणि लोकांना काय सांगायचं?"

"काय सांगाचं? जवाईबापूनं इंजन देल्लं, ते बसलं, गाडी चालू झाली."

"आणि संपतनं इंजिन मारलं, ते?"

मी माझा गठ्ठा सोडून वरचं पत्रक तिच्यासमोर धरलं. तिनं उभ्या उभ्या वाचलं. नवऱ्याच्या कोटापाशी आल्यावर तिचे ओठ किंचित हलले. मग म्हणाली, "खरं हाय सारं. तुमी हे वाटसान अन् वाशिमले निंघून जासान. मले इथं माहेर हाय न् तिथं नांदाचं हाय."

"आणि संपतचं काय? त्यानं कुठे नांदायचं?"

तिनं नवऱ्याकडे पाहिलं. "अहो, बाबाले तुमी सांगसान. का या इंजनाले संपतच पाह्यजे, दुसऱ्याच्या हातानं हे चालत नाई. अन् याच्यात घानीचं तेल घातलं तं मिलिटरीवाले परत घेऊन जातात. डब्यातलंच तेल लागते."

"असं कुठं असते काय?" जवाईबापू म्हणाले.

"फुटकं इंजन कुठं असते?"

जवाईबापूंनी मान डोलवली. त्यांच्या लिलावाच्या आयुष्यात इतका स्वस्त सौदा त्यांना मिळाला नसेल.

माझं मात्र पटेना. मी संपतला म्हटलं, "संपतभाऊ, तू बोल. नोकरी राहील, पण नाव जाईल. उद्या बाजारात उभा राहून मी तुझं नाव धुऊन देतो."

संपतनं माझ्या हातातलं पत्रक घेतलं. तो अक्षरावर बोट ठेवून वाचतो, त्यामुळे वेळ लागला. शेवटपर्यंत वाचलं. उलटं करून पाहिलं. कोपरा दोन बोटांत धरून चोळला.

"चांगलं लिव्हलं, मिस्त्री," तो म्हणाला. "अन् कागद बी जाड हाय."

"म्हणजे?"

"चेंबरच्या पॅकिंगले कागद पाह्यजे होता ना आपल्याले? मी कालपासून शोधून रायलो."

पॅकिंग म्हणजे दोन लोखंडी भाग जोडताना मधे घालायचा कागद. तो नसेल तर तेल पाझरतं. तयार मिळत नाही तेव्हा आम्ही जाड कागद कापून, तेल चोळून करतो. मी विचारलं, "तुला खरंच हे वाटायचं नाही?"

"वाटलं तं बाजार माह्या बाजूनं होईन, एक दिवस. गाडी दुसऱ्याच्या हातात जाईन, रोजची." मग लॉरीकडे मान वळवून म्हणाला, "तो दुसरा तिले जवस पाजन. त्याले काय मालूम, कोनत्या चढावर तिले दम लागते ते."

मी कात्री दिली नाही. त्यानं ती माझ्या पेटीतून घेतली.

मग आम्ही कामाला लागलो. लग्नात भाजी शिजवायची कढई सुमनताईनं काढून दिली. तिच्यात कॉस्टिक सोडा उकळून एकेक भाग टाकला. कातडं सुटून वर तरंगायला लागलं, तसं संपत पळ्यानं काढत होता आणि दर पळ्याला म्हणत होता, "खा, पिढ्यान् पिढ्या खा." तेलाच्या बारीक नळ्या तारेनं मोकळ्या केल्या. नव्या रिंगा बसवल्या. बेअरिंगा खरवडून जुळवल्या. पत्रकाच्या चार प्रती संपतनं कापल्या. मथळा चेंबरच्या पुढच्या कडेला आला, कप्तानाचा कोट मागे. शेवटी हिरवा रंग. तो मारताना माझा हात जड होता, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही.

हँडलच्या तिसऱ्या झटक्याला ते बोललं. बापूसाहेब अंगणात उभे, गाव उभं. डोळे मिटून ऐकलं त्यांनी. "याले म्हन्तात मिलिटरी," ते म्हणाले. "जुन्यात असा आवाज होता काय कधी?" गावानं एकमतानं सांगितलं, नव्हता. बापूसाहेबांनी आयुष्यात बॉनेट पूजेपुरतंच उघडलेलं, त्यामुळे पायांचा आणि तोंडाचा आकार पाहायचा प्रश्नच नव्हता. जवाईबापूंनी पढवल्याप्रमाणे संपतचं सांगितलं. मग बापूसाहेबांनी स्वतः हुकूम काढला: या इंजिनात घाणीच्या तेलाचा थेंब जाता कामा नये; मोबिल, तेही बंद डब्यातलं. "सायबाचं इंजन हाय. आपलं खानं त्याले पचत नाई." घरचं इंजिन म्हणून त्याला जे वर्षानुवर्षं मिळालं नव्हतं, ते हिरवा रंग लागल्याबरोबर मिळालं. यावर पत्रक लिहायला घेतलं तर किती लांबेल याचा मी विचार करतो आणि सोडून देतो.

पुढच्या दसऱ्याला मला मानानं बोलावणं आलं. अंगणात लॉरी उभी, आणि छपराच्या तोंडाशी, दोन दगडांवर, काळं फासलेलं ते फुटकं धूड. त्यालाही हार घातलेला. बापूसाहेब पाहुण्यांना हिंडवून दाखवत होते. "हे आमचं जुनं. लय सेवा केली यानं. या संपत्यानं मारलं. पन म्हटलं जाऊ द्या, मानूस जुना हाय."

पाहुण्यांनी संपतकडे पाहिलं. मी तोंड उघडलं. संपतनं आरतीचं ताट माझ्यासमोर आणलं आणि म्हणाला, "घ्या मिस्त्री, आरती घेताना बोलू नाई, आदी आरती घ्या."

मी आरती घेतली. तो वाकला आणि त्या परक्या, लाखेनं लिंपलेल्या इंजिनाला त्यानं कुंकू लावलं, अगदी फटीच्या जागेवर. मग लॉरीकडे गेला, हँडल एकदा मारलं आणि ती चालू झाली.

हे आता लिहितो आहे ते संपतला विचारून. तो म्हणाला, "लिवा. बापूसायेब अंक घेतात, पन पंचांगाचं पान पाह्यतात अन् ठेवून देतात." माझा गठ्ठा मी त्या वेळी परत आणला नाही, तो पुढच्या पॅकिंगांसाठी लॉरीच्या बैठकीखाली आहे. मधे एकदा ती वाशिमला जिनात आली होती, तेव्हा मी सवयीनं खाली वाकून चेंबरच्या कडेवरून बोट फिरवलं. बोट कोरडं निघालं. मी आजवर पुष्कळ पत्रकं लिहिली. त्यांतल्या कुठल्याची काय कामगिरी झाली हे मला छातीठोक सांगता येत नाही. हे एक मात्र दर हंगामी वाशिम ते मेडशी काम करतं आहे, आणि एक थेंब बाहेर येऊ देत नाही.